जर्मनीत तीन वर्षं: पोरांना इंटरनॅशनल शाळेत घालू की तिथल्या साध्या?

गोदाकाठची | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याला कंपनी तीन वर्षांसाठी श्टुटगार्टजवळ पाठवतेय. तीन हे कागदावर. याच्या आधी गेलेल्यांपैकी एक जण दीड वर्षात परत आला आणि एक सात वर्षं झाली, तिथेच घर घेऊन बसलाय. आम्ही जुलैअखेर निघू.

मुलगी तिसरीत, नोव्हेंबरमध्ये ९ पूर्ण झाली. मुलगा सिनियर केजीत, मेमध्ये ६ पूर्ण होईल. दोघं इथे नाशिकला इंदिरानगरमधल्या सीबीएसई शाळेत जातात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, जर्मनचा गंधही नाही.

कंपनी पहिली दोन वर्षं इंटरनॅशनल शाळेची ७५ टक्के फी देणार. मी दोन शाळांकडून माहिती मागवली. एका मुलाचे वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास! आकडा रुपयांत केला आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. उरलेले २५ टक्के आमचे, तिसऱ्या वर्षी सगळंच आमचं.

नवरा म्हणतो, फुकट मिळतंय ते सोडायचं कशाला (हे फुकट कसं, ते त्यालाच विचारा). सासरे म्हणतात, मुलीला इथेच ठेवा. माझी आई म्हणते, जाऊच नका. मला रात्री झोप नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना.

चिवडाप्रेमी | ११ जानेवारी, रात्री १०:५२

पहिला!

इंटरनॅशनल शाळेसाठी जर्मनीला कशाला जायचं? आमच्या पाथर्डी फाट्याच्या बाजूला दोन किलोमीटरमध्ये चार आहेत. एकीच्या फाटकासमोर म्हशी बांधलेल्या असतात. त्यांनाही एव्हाना ‘गुड मॉर्निंग’ कळायला लागलंय.

मास्तरीणबाई | ११ जानेवारी, रात्री ११:२०

चिवडाप्रेमी, हसले, पण मुद्दा खरा आहे. नाशिकमध्ये पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेल्या बहुतेक शाळा सीबीएसई नाहीतर आयसीएसई असतात. त्या वाईट असतात असं नाही, पण गोदाकाठची ज्या शाळांबद्दल बोलतेय ती जात वेगळी. १९२४ साली जिनिव्हात पहिली अशी शाळा निघाली ती राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कार्यालयातल्या लोकांच्या मुलांसाठी. बाप आज इथे, उद्या तिथे, मग पोरानं शिकायचं कुठे? पुढे १९६८मध्ये तिथेच आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, अशा शाळांचा अभ्यासक्रम) सुरू झालं. म्हणजे ही सोय मुळात बदलीवाल्यांची, प्रतिष्ठेची नंतर झाली.

मी स्वतः पीवायपीला (आयबीचे प्राथमिकचे वर्ग) शिकवते, म्हणून एक सांगते. शाळेचं माहितीपत्रक बाजूला ठेव आणि आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोध. मान्यता मिळालेली आहे की नाही ते तिथे दिसतं. मान्यता तिन्ही टप्प्यांची (प्राथमिक, माध्यमिक, डिप्लोमा) आहे की एकाच, तेही बघ. केंब्रिजचा अभ्यासक्रम असेल तर त्यांच्याकडेही तसंच बघता येतं.

आणि हे विचार: दर वर्षी किती मुलं सोडून जातात? किती शिक्षक बदलतात? जर्मन आठवड्यातून किती तास, आणि नवशिक्यांना वेगळं बसवतात का? ज्या शाळेत प्रवेशाची बाई या प्रश्नांवर गडबडते, तिथे पुढे फार अपेक्षा ठेवू नकोस.

श्वाबीश_सून | १२ जानेवारी, दुपारी २:०५

मी मूळची नाशिकरोडची, आठ वर्षं श्टुटगार्टच्या बाहेर एका गावात आहे. नीट लिहिते, वेळ काढून वाच.

तिथली सरकारी शाळा म्हणजे आपली महापालिकेची शाळा डोळ्यासमोर आणू नकोस. डॉक्टरची, इंजिनिअरची, बेकरीवाल्याची पोरं एकाच वर्गात असतात आणि फी शून्य. प्राथमिक शाळा तुमच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून शाळा आधी शोधायची आणि घर त्या हद्दीत बघायचं. आम्ही उलटं केलं.

तुझ्या धाकट्याचा प्रश्नच नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, ३० जूनपर्यंत ६ पूर्ण झाले की सप्टेंबरात पहिली. नाही म्हणायची सोय नाही, शाळेत जाणं सक्तीचं आणि घरी शिकवायला बंदी. पहिलीत सगळ्यांनाच अक्षरओळखीपासून शिकवतात, त्यामुळे तो दिवाळीपर्यंत बोलायला लागेल. माझा लागला. आणि ऑगस्ट २०२६पासून पहिलीच्या मुलांना शाळेनंतर पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायद्याने हक्क मिळतोय. तुला नोकरी करायची असेल तर हे लक्षात ठेव, कारण आत्तापर्यंत बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारी बाराला पोरं घरी धाडायची आणि आयांनी काय करायचं ते आयांनी बघायचं.

खरी गोची मोठीची. वयाप्रमाणे ती सप्टेंबरात चौथीत बसेल, आणि चौथी हेच तिथलं वळण. त्या वर्षाच्या मध्यावर शिक्षक शिफारस देतात: पुढे गिम्नाझिउम, रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा) की आणखी काही. गिम्नाझिउम म्हणजे विद्यापीठाकडे जाणारी वाट. आमच्या राज्यात ती २०२५-२६पासून पुन्हा नऊ वर्षांची झालीय. आता ज्या मुलीला भाषा येऊन पाच महिने झालेत तिची शिफारस कसली द्यायची? भाषा न येणाऱ्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे नावाचे तयारी वर्ग असतात, पण सगळ्या गावांत नसतात. माझ्या शेजारणीनं मुलीला सरळ एक वर्ष मागे, तिसरीत बसवलं. तिथे याची लाज कुणी बाळगत नाही, निम्म्या वर्गाचं वय मागेपुढे असतं. ती मुलगी आता गिम्नाझिउमला सातवीत आहे आणि आईचं जर्मन सुधारते, तेही लोकांसमोर.

इंटरनॅशनल शाळेचं म्हणशील तर आमच्या ओळखीतल्यांनी घातली होती. शाळा उत्तम, इमारत देखणी. पण मैत्रिणी तीस-चाळीस किलोमीटरवरून यायच्या, शनिवारी खेळायला कुणी नाही. गावातल्या पोरांना ही कोण ते माहीतच नाही. तीन वर्षांत जर्मन ‘डांके’ आणि ‘च्यूस’च्या पुढे गेलं नाही.

आबा_पंचवटी | १२ जानेवारी, सायं. ६:३०

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांशी मी सहमत आहे.

मी स्वतः निफाडकडचा. पाचवीला घर सोडून नाशिकला उदोजी मराठा बोर्डिंगमध्ये आलो. ती संस्था १९१४ची. रडलो, पण शिकलो. मुलीला आजी-आजोबांकडे ठेवा, शाळा बदलू नका, तिची स्कॉलरशिप होऊ द्या. तीन वर्षं बघता बघता जातात. तुम्ही परत याल तेव्हा तिची घडी मोडलेली नसेल. परदेशात पोराचं ना धड इकडचं होतं ना तिकडचं.

रानजाई | १२ जानेवारी, सायं. ७:१२

आबा, मान ठेवून असहमत. तुम्ही गेलात कारण गावात पुढची शाळा नव्हती. इथे आई, बाप, भाऊ तिघंही विमानात बसणार आणि नऊ वर्षांच्या मुलीला बाल्कनीतून टाटा करायला लावायचं? भावाला नेलं आणि मला ठेवलं, हे ती ऐंशी वर्षांची झाली तरी विसरणार नाही.

सातपूरकर | १२ जानेवारी, सायं. ७:१५

रानजाईंना +१. भावाला नेलं हाच मुद्दा.

चिवडाप्रेमी | १२ जानेवारी, सायं. ७:१६

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

देरा_दुबईवाला | १२ जानेवारी, रात्री ११:४८

मी दुबईत १४ वर्षं. जर्मनीचं ठाऊक नाही, पण इथे तर जवळजवळ सगळ्याच परदेशी लोकांना खाजगी शाळा लागतात, त्यामुळे या विषयात आमची पीएचडी झालीय. इथे केएचडीए नावाचं सरकारी खातं शाळांची तपासणी करून श्रेणी देतं, अहवाल कुणालाही वाचता येतो, फीवाढीवरही त्यांचा लगाम असतो. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश किंवा आयबीपेक्षा बऱ्याच स्वस्त. आम्ही मोठ्याला सीबीएसईत घातलं, धाकटीला हौसेनं ब्रिटिश शाळेत.

मग २०२०मध्ये माझी नोकरी गेली. कंपनी फी देत होती ती बंद. मधल्या वर्षी धाकटीला भावाच्या सीबीएसई शाळेत हलवलं. ब्रिटिश शाळा सप्टेंबरला सुरू होते, भारतीय एप्रिलला, म्हणजे अर्धं वर्ष कुठेतरी पडलंच. हिंदी तिला शून्य. पोरगी आठ महिने रोज रडली आणि मी रोज स्वतःला शिव्या घातल्या.

म्हणून ताई, ‘कंपनी दोन वर्षं देतेय’ या वाक्यातलं ‘दोन वर्षं’ ठळक अक्षरांत वाचा. तिसऱ्या वर्षाचे पैसे आजच बाजूला काढता येत असतील तरच त्या दारात जा. आणि करारात कंपनीचं पत्र शाळेच्या नावे आहे का, मधेच परत बोलावलं तर उरलेल्या सत्राची फी कोण भरणार, तेही लिहून घ्या. आमच्या एका मित्राला अनामत परत मिळवायला वकील करावा लागला.

आणखी एक. परत येऊन मुलांना इथे इंजिनिअरिंगला घालायचं असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. नाहीतर कोटा गेला.

कोट्यातला | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

देरा भाऊ, शेवटचं अर्धं चूक. इंजिनिअरिंगला आईवडिलांपैकी कुणाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर राज्याच्या प्रवेशात वेगळ्या प्रकारात बसता येतं. तुम्ही म्हणताय तो कडक नियम मेडिकलला आहे. ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या हव्यात. त्यात दरवर्षी कुणीतरी अडकतं आणि मग ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणतं.

आखातातल्या भारतीयांच्या मुलांना एनआयटीला डासा (परदेशातल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश) योजनेत सवलत आहे, पण ती तुमच्यासाठी. जर्मनीवाल्यांना ती लागू नाही.

देरा_दुबईवाला | १३ जानेवारी, सकाळी ९:०१

दुरुस्ती मान्य. मेडिकलचंच डोक्यात होतं, बायको डॉक्टर आहे ना.

चिवडाप्रेमी | १३ जानेवारी, सकाळी ९:०४

मुलगी तिसरीत आहे आणि आपण नीटच्या कोट्यावर आलो. नाशिककर कुठेही गेला तरी गाडी क्लासच्या दारात उभी करतो.

मास्तरीणबाई | १३ जानेवारी, दुपारी १:३०

चिवडाप्रेमी, गाडी तिथेच येते, कारण खरा प्रश्नही तिथेच आहे. गोदाकाठची, मला एवढंच सांग: दहावीला मुलगी कुठे असेल? तू म्हणतेस तीन वर्षं. म्हणजे परत येताना ती सातवीच्या उंबरठ्यावर. सातवीत परत येणारं मूल निभतं. नववीत येणाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

श्वाबीश_सून यांच्याशी एका बाबतीत वाद घालते. तीनच वर्षं जाऊन परतच यायचं असेल, तर पहिलं दीड वर्ष भाषेत घालवून, जेमतेम रुळल्यावर पोरीला पुन्हा उपटून आणायचं, हे कुणासाठी? इंटरनॅशनल शाळेत निदान विज्ञान-गणित इंग्रजीत सलग चालू राहील. मात्र आमच्याकडून परत येणाऱ्या मुलांचंही ऐका. त्यांना प्रश्न छान विचारता येतात, गटात काम येतं, समोर उभं राहून बोलता येतं. आणि तेराचा पाढा येत नाही. इथल्या शाळेत पहिल्या चाचणीला तोच विचारतात.

शिवाय मराठी. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. सातवीत आलेली मुलगी तिसरीच्या मराठीवर उभी असेल. कुठलीही शाळा निवड, पण रोज वीस मिनिटं मराठी वाचन तिथे तूच घ्यायचंस.

श्वाबीश_सून | १३ जानेवारी, सायं. ५:४०

मास्तरीणबाई, ‘तीनच वर्षं’ म्हणून आलेले इथे किती आहेत माहितेय? आमच्या गणपतीला येणाऱ्यांतले निम्मे. सगळे तीन वर्षांसाठीच आले होते. त्यांतल्या ज्यांनी पोरांना इंटरनॅशनलमध्ये ठेवलं, ते पाचव्या वर्षी अडकले. फी परवडत नाही आणि पोराला जर्मन येत नाही म्हणून सरकारी शाळेत जाता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला शून्यापासून जर्मन शिकून बघा म्हणावं.

आणि पैशाचं अजून एक. कंपनीनं भरलेली शाळेची फी इथे पगारातच धरतात, त्यावर कर लागतो. तो कर कंपनी सोसणार की तुमच्या खिशातून जाणार, ते आधी विचार. स्वतः भरलेल्या फीच्या ३० टक्के, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० युरो, करात वजा दाखवता येतात. पण तेवढ्यानं काय होतंय!

गोदाकाठची | १३ जानेवारी, रात्री १०:१५

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! कराचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय. उद्या एचआरला विचारतो म्हणाला.

आबा, मुलीला ठेवून जाणं मला जमणार नाही. तुमचं म्हणणं कळतं मला, पण नाही जमणार.

कालव्यापलीकडची | १४ जानेवारी, सकाळी ११:२५

मी आइंडहोव्हनजवळ. नेदरलँड्समध्ये मधली वाट आहे, डच सरकारचं अनुदान असलेल्या इंटरनॅशनल शाळा. पूर्ण खाजगीपेक्षा फी कितीतरी कमी, पण कंपनीचं पत्र आणि ठरावीक काळासाठीच आलोय याचा पुरावा लागतो. जर्मनीत असं काही असेल तर बघ. आमची प्रतीक्षायादी वर्षभराची होती, तेव्हा आज अर्ज टाक, विचार नंतर कर.

वसंत_व्याकरणे | १४ जानेवारी, दुपारी ३:५०

अवांतर, पण राहवत नाही. मराठी मुलांना जर्मन जड जाईल असं सगळे धरून चाललेत. मी निवृत्तीनंतर जर्मन शिकलो, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांपेक्षा माझं गाडं जोरात होतं. कारण सांगतो.

त्यांच्याकडे तीन लिंगं: डेअर, डी, दास. आपल्याकडे तो, ती, ते. इंग्रजीवाला इथेच रडतो. आपण रडत नाही, फक्त नव्यानं पाठ करतो, कारण त्यांचा सूर्य ‘ती’ आहे आणि चंद्र ‘तो’. मुलगी तर चक्क ‘ते’! पण आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की.

अंक बघा. त्यांचा २१ म्हणजे एक-आणि-वीस. आपला एकवीस. बावीस, तेवीस, सगळं एकक आधी. मध्यंतरी आपल्याकडे पुस्तकात ‘वीस एक’ आणायचं चाललं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतोय? तुमच्या मुलीला जर्मन अंक ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. फक्त भागाकाराला ते दोन टिंबं लिहितात आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या परीक्षेत गंमत होते.

सातपूरकर | १४ जानेवारी, दुपारी ४:१०

वीस एक चा विषय काढू नका हो काका, माझ्या मुलाला अजून ‘त्रेसष्ट’ सांगितलं की तो इंग्रजीत विचारतो.

रानजाई | १४ जानेवारी, दुपारी ४:३३

एकोणसाठ आणि एकोणसत्तरला मी अजून थांबते. वय ४४.

चिवडाप्रेमी | १४ जानेवारी, दुपारी ४:३५

चव्वेचाळीस म्हणा.

अ‍ॅडमिन | १४ जानेवारी, सायं. ६:००

अंकांसाठी वेगळा धागा काढावा. इथे शाळांवर बोलू या. खाजगी शाळांची नावं घेऊन तक्रारी लिहू नयेत, दोन प्रतिसाद त्यासाठी काढले आहेत.

चौथी_शाळा | १६ जानेवारी, रात्री १:२०

इथे फक्त आईबाबा लिहितायत, म्हणून लिहिते. मी ती मुलगी आहे. म्हणजे होते. आता २३ वर्षांची.

सिंगापूरमध्ये दुसरी ते आठवी इंटरनॅशनल शाळेत होते, मध्ये दोन शाळा बदलल्या, आणि नववीला नाशिकला गंगापूर रोडवरच्या शाळेत. सिंगापूरची शाळा मला मनापासून आवडायची. बाईंना नावानं हाक मारायचो. वर्गात अकरा देशांची मुलं. पण दर जूनमध्ये कुणाचा तरी निरोपाचा केक असायचा. चौथीत माझी सर्वांत जवळची मैत्रीण ब्राझीलला गेली. पाचवीत दुसरी गेली. सहावीत मी नवीन मैत्रीण करायचंच टाळलं, कारण तिचे बाबाही दोन वर्षांच्या करारावर होते हे मी आधी विचारून घेतलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीनं करार विचारायचा! आईला हे मी अगदी आत्ता सांगितलं.

माझी चुलत बहीण तिथल्या सरकारी शाळेत होती. त्यांना सहावीला पीएसएलई नावाची मोठी परीक्षा असते, ती टेन्शनमध्ये असायची. मातृभाषेचा विषय म्हणून ती हिंदी शिकली, कारण तिथे तमिळशिवाय ज्या भारतीय भाषा घेता येतात त्यांत मराठी नाही. पण तिच्या इमारतीखाली तिचे सतरा मित्र होते. आजही ती त्यांच्या लग्नांना जाते.

नाशिकला आल्यावर पहिल्या आठवड्यात मराठीच्या बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला. ‘ज्ञानेश्वर’ला मी अडखळले. वर्ग हसला. आजीनं मग रोज संध्याकाळी गच्चीत बसून पेपर वाचायला लावला, मथळ्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. दहावीला मला मराठीत ८६ मिळाले. घर भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी, हे मी आजही उत्तम वाचते.

काकू, तुम्ही काय करावं ते मी सांगत नाही. मुलीला शाळा दाखवा, निदान व्हिडिओवर, आणि तिला विचारा.

आबा_पंचवटी | १६ जानेवारी, सकाळी ७:४५

बाळ, वाचलं. ‘ज्ञ’ मलाही बोर्डिंगात गेल्यावर नीट आला.

वरचा माझा प्रतिसाद घाईचा होता. बोर्डिंगात आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांचं घर सुटलेलं होतं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. या मुलीचं तसं नसेल.

कालव्यापलीकडची | १६ जानेवारी, सकाळी १०:०५

चौथी_शाळा, वाचनखूण साठवली. माझा मुलगाही करार विचारतो. मला वाटायचं तो हुशार आहे.

गोदाकाठची | २८ मार्च, रात्री ९:३०

धागा वर आणतेय, क्षमस्व. बऱ्याच जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पुढे काय झालं विचारलं.

एचआरनं कळवलं की फीवरचा कर आमचाच. आणि फी नको असेल तर ते पैसे रोख किंवा घरभाड्यात मिळणार नाहीत. नवऱ्यानं तीन दिवस कागदावर हिशेब मांडला, चौथ्या दिवशी कागद फाडला.

मग चौथी_शाळा म्हणाली तसं केलं. इंटरनॅशनल शाळेनं व्हिडिओवर शाळा फिरवून दाखवली. पोहण्याचा तलाव बघून धाकटा तिथेच राहायला तयार होता. मुलीनं प्रवेशाच्या बाईंना एकच विचारलं, ‘इथल्या मुली माझ्या घरापासून चालत येतील का?’ त्या छान हसल्या, म्हणाल्या, बस आहे.

श्वाबीश_सूनच्या मदतीनं तिच्या पलीकडच्या गावातल्या सरकारी शाळेला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ईमेल लिहिली. आठवड्यानं मुख्याध्यापिकेचं उत्तर आलं, तेही इंग्रजीत. मुलीला तिसरीत घेऊ, रोज दोन तास वेगळं जर्मन, नंतर वर्गात. नोंदणी घराचा पत्ता झाल्यावर. सोबत जन्मदाखला, आत्तापर्यंतच्या गुणपत्रिका आणि गोवराच्या दोन डोसांचा पुरावा. तिथे २०२०पासून तो पुरावा सक्तीचा आहे. महापालिकेच्या दवाखान्यातलं ते पिवळं पडलेलं कार्ड आईच्या ट्रंकेत सापडलं, नाहीतर गेलो होतो.

तर दोघंही गावातल्या शाळेत. मी ठाम आहे असं नाही. मास्तरीणबाईंचं परतीचं म्हणणं डोक्यातून जात नाही, म्हणून बालभारतीची चौथी ते सहावीची मराठीची पुस्तकं बॅगेत टाकलीत. सासरे आठवड्यातून तीनदा व्हिडिओवर पाढे घेणार आहेत, त्या अटीवर ते राजी झाले. मुलगी सध्या कॉलेज रोडला जर्मनच्या क्लासला जातेय. काल येऊन म्हणाली, आई, तिथे मी ‘ते’ आहे. वसंतकाका, तिला आधीच माहीत होतं, तुमचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता.

मास्तरीणबाई | २८ मार्च, रात्री १०:१०

मी तुझ्या जागी वेगळं केलं असतं, पण तू विचारून-पारखून केलंयस. पाढे तीसपर्यंत हं, आजोबांना सांग.

श्वाबीश_सून | २९ मार्च, दुपारी १:१५

आता खरेदी. दप्तर इथून आणू नकोस. पहिलीच्या मुलांचं जर्मन दप्तर पेटीसारखं कडक असतं, चांगलं घेतलं तर दोनशे युरोच्या वर जातं. दप्तर वापरलेलं मिळतं, मी शोधते. आणि पहिल्या दिवशी धाकट्याला शूलट्यूटे लागेल. पुठ्ठ्याचा त्याच्याएवढा कोन असतो, आत खाऊ आणि पेन्सिली. तो नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही, सगळा वर्ग तोच घेऊन फोटो काढतो.

गोदाकाठची | २९ मार्च, दुपारी २:०२

खाऊ म्हणजे चॉकलेटंच का? आजी विचारतेय कोंडाजी चिवडा भरला तर चालेल का.

चिवडाप्रेमी | २९ मार्च, दुपारी २:०३

अडीच महिने मी या धाग्यावर याचीच वाट बघत होतो. पण कोनाच्या टोकातून शेव गळेल त्याचं काय?

श्वाबीश_सून | २९ मार्च, दुपारी २:२०

तळाला वर्तमानपत्र चुरगाळून घालतात. मी पहिल्या वर्षी लोकसत्ता घातला होता. वर पाकीट बंदच ठेवा.